आधी नदी आणा

"बुडवायचंच आसंल तर मला बुडवा, आन् मोकळं व्हा!" असं म्हणत नोफेझिलेनं बादली उंबऱ्यावर आपटली. बादलीत तळाला बोटभर पाणी आणि त्याच्याखाली बोटभर गाळ. एवढ्यासाठी ती उजाडायच्या आधी नदीवर गेली होती आणि गुरांच्या खुरांनी पडलेल्या खड्ड्यांतून वाटीवाटीनं भरून आली होती.

गोबानी झोपडीच्या गोल भिंतीला टेकून बसला होता. तोंडात पाइप, पण तंबाखू नव्हती, म्हणून नुसताच चावत होता.

"तुला बुडवून पाऊस पडत आस्ता, माबेले, तर लगीन झालं त्याच साली बुडवली आस्ती," तो म्हणाला. बेले हे तिच्या माहेरचं कूळ, म्हणून तो तिला माबेले म्हणायचा. लाडात आला तरी आणि भांडायला आला तरी माबेलेच.

"हसा, हसा! तीन पाखरं ऱ्हायल्यात समद्या खोऱ्यात. आन् त्यातलं येक तुमी उचलनार. मग दोन ऱ्हातील. त्या दोघांनी काय करायचं? येकमेकांच्या तोंडाकडं बगत बसायचं? थोझामाचे बा, मी काय इचारते!"

थोझामाचे बा म्हणजे गोबानीच. थोझामा ही त्यांची लेक, लग्न होऊन दूर शहरात गेलेली. बायकोनं लेकीच्या नावानं हाक मारली की गोबानीला समजायचं, आता काही खरं नाही.

पाखरू म्हणजे भुईधनेश. काळंभोर, उभं राहिलं तर माणसाच्या मांडीला लागेल एवढं मोठं, गळ्याखाली लालभडक पिशवी. उडायचा त्याला कंटाळा. सगळं कुटुंब ओळीनं माळावर चालत जातं, साप, टोळ, सरडे जे मिळेल ते उचलतं. एमगोडीच्या खोऱ्यात त्याला कुणी हात लावत नाही. मारलं तर मारणाऱ्याचं घर बुडतं, अशी समजूत. पण पाऊस फारच लांबला तर एक पाखरू जिवंत धरायचं, पायाला दगड बांधायचा आणि वाहत्या नदीत बुडवायचं, ही रीत आजोबा-पणजोबापासूनची. आभाळाला त्याची कीव येते आणि ते रडायला लागतं, असं काही जण सांगतात. बाकीचे म्हणतात, कीव कसली, पाखरू कुजल्याचा वास वर जातो आणि आभाळ नाक मुठीत धरून सगळं धुऊन काढतं. कसंही असो, हे काम करायचं एकाच घरानं. पाखराचं घर म्हणतात त्याला. त्या घरातला आता गोबानी तेवढा उरला होता.

काल गावप्रमुख लुडवेचा निरोप आला होता. आज पाखरू पाण्यात गेलंच पाहिजे.

"माजा बाप पाखरू धराया निगाला की माळावर चार-पाच कुटुंबं दिसायची," गोबानी पाइप झटकत म्हणाला. "त्यातलं येक घेतलं तर त्यांना पत्ता बी लागायचा न्हाई. मला काय हौस हाय व्हय? पर तांबडी बगितलीस का?"

नोफेझिलेनं कुंपणाकडं बघितलं. तांबडी गाय परवापासून कुंपणात बसली होती. उठवायला गेलं की मान टाकायची. बरगड्या अशा वर आलेल्या की लांबूनही मोजता आल्या असत्या. शेतातला मका कंबरेला यायच्या आधीच करपला होता आणि वारा सुटला की अख्खं शेत उठून शेजाऱ्याच्या दारात जाऊन बसायचं.

तेवढ्यात माणसं आलीच. पुढं लुडवे, अंगात कोट, हातात काठी. मागं गावातले दहा-बारा जण आणि त्यांच्यात म्हातारी नोमेको, जिच्या जिभेला गावातली कुत्रीसुद्धा घाबरायची.

"गोबानी, तयार हायस नव्हं?" लुडवेनं विचारलं.

"तयार कशाचा? लुडवे, तीन पाखरं हायेत."

"मग तीनातलं येक. मी काय तीनी धर म्हनतोय का?"

"चार-पाच वर्सं झाली, पिल्लू न्हाई त्यांना. नदीकाठचं ते ढोलीचं झाड तुज्या भाच्यानं पाडलं, वाळूच्या गाड्या वळवाया जागा पायजे म्हनून. त्याच ढोलीत अंडी घालायची ती. दुसरी तेवढी ढोली आख्ख्या रानात न्हाई. आता पाखरानं काय तुज्या कोटाच्या खिशात अंडी घालायची?"

दोघे-तिघे हसले. लुडवेनं कोट सारखा केला.

"झाडाचं बोलून पाऊस पडनार हाय का?"

"आन् पाखरं काय साधी हायेत व्हय!" मागून एकजण म्हणाला. "शाळंच्या काचा फोडल्या समद्या. काचंत सवताला बगतंय आन् दुसराच कोन शिरलाय म्हनून चोच हानतंय. मास्तर म्हनतो, येक कमी झालं तर बरंच की."

"तुजा बाप सकाळच्या कांजीच्या आत पाखरू घिऊन यायचा," नोमेको म्हणाली. "तू आपला बायकोच्या पदराआड बसून हिसाब करतोय. पाखराच्या घरचा म्हनं! कोंबडीच्या घरचा तरी हायस का?"

हे मात्र गोबानीला झोंबलं. तो उठला. उठताना त्यानं एकदा कुंपणात बघितलं. तांबडीनं त्याच्याकडं बघितलंही नाही. तेवढं बघितलं असतं तर कदाचित तो परत बसला असता.

"मी यायची न्हाई नदीवर," नोफेझिले म्हणाली. "माज्या डोळ्यांनी मला बगायचं न्हाई."

"नगं येऊ," गोबानी म्हणाला, आणि घोंगडी खांद्यावर टाकून निघाला.

पाखरं शोधायला वेळ लागला नाही. त्यांचा आवाजच खोलात ढोल घुमल्यासारखा, दोन टेकड्यांपलीकडून ऐकू येतो. आधी मादी बोलते, मग नर. एमगोडीतली पोरंसोरंही सांगतील ती काय म्हणते ते. ती म्हणते, "मी चालले, मी चालले, माहेरी चालले." आणि तो म्हणतो, "जा की, जा की, जा माहेरी." रोज सकाळी हेच भांडण आणि रोज ती जात नाही.

माळावर गवत उरलं नव्हतं, नुसती बोडकी ढेकळं. तिघं ओळीनं चालली होती. पुढं नर, मध्ये अजून गळ्याला नीट रंग न चढलेलं त्यांचं शेवटचं पोर, मागं मादी. रीत अशी, की पाखराला जखम होता कामा नये, रक्ताचा थेंब भुईवर पडला तर सगळं वाया. म्हणून दगड नाही, कुत्रं नाही. माणसांनी लांबून गोल करायचा, हळूहळू आवळत न्यायचा, दोन-तीनदा उडू द्यायचं. जड पाखरू, दमतं. मग पाखराच्या घरच्या माणसानं एकट्यानं पुढं जायचं.

गोबानीनं मनाशी ठरवलं होतं, घ्यायचंच तर पोराला घ्यायचं. जोडी राहील. पण पोर भलतंच चलाख निघालं. पहिल्याच उड्डाणात ते माणसांच्या डोक्यावरून पार झालं. नर त्याच्या मागं. राहिली मादी. तिसऱ्यांदा उडाली ती जेमतेम कुंपणाच्या उंचीनं, आणि खाली बसली ती गोबानीच्या पुढ्यातच. त्यानं घोंगडी टाकली.

घोंगडीतनं चोच बाहेर आली आणि त्याच्या अंगठ्याच्या बुंध्याशी असा चावा बसला की तो कळवळला. रक्त आलं. पण ते त्याचं. त्याला रीतीत मनाई नव्हती.

त्यानं तिला छातीशी धरलं. शेळीच्या करडाएवढं वजन. तिच्या गळ्याखाली लाल पिशवीवर मादीचा जांभळा ठिपका होता. डोळ्यांना पापण्या लांबलचक, बाईमाणसासारख्या. ती त्याच्याकडं बघत होती आणि त्याला मनापासून वाईट वाटत होतं. बापाला असं कधी वाटलं असेल का, हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच पडला. त्याचा बाप घरी येताना शीळ घालत यायचा.

"घावली!" नोमेको ओरडली, आणि बायांनी गाणं धरलं. गोबानीनं पाखराच्या पायाला दगड बांधला आणि सगळी वरात नदीकडं निघाली. मागं लांबून नर आणि पोर चालत येत होते. माणसं थांबली की तेही थांबायचे.

लुझीना नदीवर रीतीचा डोह ठरलेला होता. बैलडोह. बैल उभा राहिला तर शिंगं बुडतील एवढं पाणी, भर उन्हाळ्यातही. गोबानीनं पोरपणी त्यात बापाला गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहून दगड सोडताना बघितलं होतं. गाणं म्हणत माणसं काठावर आली आणि गाणं आपोआप बंद पडलं.

डोह नव्हता. एक मोठा खड्डा होता, कडा कापल्यासारख्या उभ्या, तळाला भेगाळलेला चिखल आणि चाकांचे खोल ठसे. एक फुटकी पाटी पडली होती. वाळू नावाला नव्हती.

तसं बघितलं तर सगळ्यांना माहीत होतं. वाळूच्या गाड्या रोज गावातून जात होत्या, रोज प्रत्येकाच्या दारात धूळ उडत होती. अर्ध्या गावची पोरं फावडी घेऊन त्याच गाड्या भरत होती. पण बैलडोह गेला हे काठावर येऊन कुणी बघितलं नव्हतं. बायका पाणी भरायच्या ते खालच्या अंगाला, खुरांच्या खड्ड्यांतून, आणि बायकांचं ऐकतो कोण.

"खाली जाऊ," लुडवे घाईघाईनं म्हणाला. "धुन्याच्या डोहावर आसंल पानी."

धुण्याच्या डोहावर डबकं होतं. घोट्याएवढं पाणी, वर गाडीच्या तेलाचे रंगीत तवंग. सगळे भोवती गोळा झाले. गोबानी पाखरू कवटाळून मधोमध उभा.

"ह्यात?" तो म्हणाला.

"आडवं निजीव की त्याला," नोमेको म्हणाली.

"आडवं निजवून तोंड वरच ऱ्हातंय, म्हातारे. पाखराला बुडवायचंय का आंगोळ घालायचीय?"

"मंग मान दाबून धर."

"रीतीत मान दाबाया सांगितलीया का कुटं? दगडानं जायाला पायजे, आपसूक. वाहत्या पान्यात. हे वाहतंय का? हे पानी तरी हाय का? ह्यात बेडूक बी बुडायचा न्हाई."

"आनखी खाली बगू," कुणीतरी म्हणालं. आणि ती वरात आणखी खाली गेली. ऊन डोक्यावर आलं. नदीच्या पात्रातून चालताना पाय दगडांवरून घसरत होते. पूर्वी इथनं अनवाणी चाललं तर पावलं वाळूत रुतायची आणि हातानं थोडं उकरलं की पाणी वर यायचं. अगदी कोरड्या साली सुद्धा. वाळूच्या पोटात नदी पाणी राखून ठेवायची. आता पोटच कापून नेलं होतं. तिसऱ्या डोहात मेलेली शेळी होती. चौथ्या डोहाचं तर ठिकाणच सापडेना. तो इथं होता का तिथं, यावरच दोन म्हातारे हमरीतुमरीवर आले.

शेवटी सगळे काठच्या उतारावर सावली शोधत बसले. गोबानीचे हात भरून आले होते, अंगठा ठणकत होता. पाखरूही दमलं होतं. चोच उघडी टाकून धापा टाकत होतं.

लुडवेनं घसा साफ केला. "येक इचार हाय. शाळंत ती हिरवी टाकी हाय नव्हं, टँकरची..."

"टाकीत?" शाळेचे मास्तरही वरातीबरोबर आले होते, ते ताडकन उभे राहिले. "पोरं पितात ते पाणी! त्यात मेलेलं पाखरू टाकता?"

"मंग पिंप घिऊ येक. पिंपात वतू टँकरचं पानी, आन् पिंप नदीत ठिऊ. म्हंजे नदीचंच झालं की."

आणि चमत्कार म्हणजे, चार-पाच जणांनी माना डोलावल्या. पिंप कुणाच्या घरचं मोकळं आहे याचीही चर्चा सुरू झाली. एकाच्या घरचं होतं, पण त्यात रॉकेलचा वास येत होता. वास आला तर आभाळाला चालेल का, यावर नोमेको म्हणाली की वासाचंच तर सगळं काम आहे.

गोबानी ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचं डोकं असं तापलं की आपण काय करतोय हे त्याला कळायच्या आत तो ओरडायला लागला होता.

"पिंपात? आभाळ काय पिंपात डोकवून बगनार हाय व्हय रं? माज्या बापानं नदीत बुडवलं, त्याच्या बापानं नदीत बुडवलं. रीत काय सांगती? पाखरू आन् नदी! पाखरू मी आनलं. माज्या हाताचं बगा काय झालंय. माजं काम मी केलं. आता नदी कुटं हाय? नदी कुनी आनायची? लुडवे, तू गावाचा परमुख, आन की! तुज्या भाच्याला सांग, गाडीत भरून नेली तशी गाडीत भरून परत आन म्हनावं. आधी नदी आना, मग मी पाखरू घालतो. तवर मला कुनी बोलवायचं न्हाई!"

"गोबानी, जरा दमानं..."

"दमानं कशाला? पाऊस पडला तरी कशात पडनार हाय? ह्या भगुन्याला बूडच ऱ्हायलं न्हाई!"

एवढं बोलून त्यानं वाकून पाखराच्या पायाचा दगड सोडला आणि पाखरू खाली ठेवलं. बायांच्या घोळक्यातून "अगं बाई" असं निघालं. धरलेलं पाखरू सोडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

मादीनं पंख झाडले, मान वाकडी करून एकदा सगळ्यांकडं बघितलं आणि उडायचं सोडून चालायला लागली. पलीकडच्या काठावर नर आणि पोर उभे होते. तिकडं जायला कोरडं पात्र ओलांडायला हवं होतं. ती निवांत निघाली, एकेक पाऊल उचलत, मध्येच थांबून दगडाखालचा किडा टिपत.

आणि त्याच वेळी वळणावरून गाडी आली. वाळू भरायला निघालेली रिकामी गाडी, पात्रातूनच तिची वाट. खडखडाट करत, धूळ उडवत ती आली आणि पाखरू दिसताच ड्रायव्हरनं असा करकचून ब्रेक दाबला की गाडी तिरकी होऊन थांबली. लुथांडो नावाचा पोरगा होता, शेजारच्या खोऱ्यातला. त्यानं इंजिन बंद केलं. टोपी काढून मांडीवर ठेवली. पाखरू गाडीच्या पुढून गेलं, चाकाशी थांबलं, चाकावर एकदा चोच मारून पुढं गेलं.

गोबानी हे बघत राहिला. एवढी वर्षं गाव गाडीला सांगत होतं, बाबा, हळू जा, पोरं आहेत. गाडी कधी थांबली नव्हती. बायकांनी एकदा वाटेवर काटे टाकले होते, तेही तुडवून गेली. आज पहिल्यांदा ती थांबली.

पाखरू पलीकडं पोचलं. लुथांडोनं टोपी घातली, इंजिन सुरू केलं आणि माणसांसाठी हॉर्न वाजवला. माणसं निमूट बाजूला झाली. लुडवेसुद्धा बाजूला झाला.

गोबानी मात्र वाटेच्या मधोमध गेला आणि मांडी घालून बसला.

"ताता, बाजूला व्हा," लुथांडो खिडकीतून म्हणाला.

"पाखराला का थांबलास?"

"म्हंजे काय? पाखरावर चाक घालून माजं घर बुडवू व्हय?"

"मी त्याच्याच घरचा हाय. इचार ह्यांना. पाखराला मारलं काय आन् आमच्या घरच्याला मारलं काय, येकच. घाल चाक."

लुथांडोनं लोकांकडं बघितलं. लोकांनी माना हलवल्या. खरं होतं ते. नोमेकोनं तर "खरं हाय रं, पोरा" असं तोंडानं सांगितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यानं मालकाला फोन लावला. पलीकडचा आवाज एवढा मोठा होता की बाहेर ऐकू येत होता. "कोन बसलाय? उचलून टाका की!" लुथांडो म्हणाला, "मालक, तुमी या आन् तुमीच उचला. मी न्हाई हात लावायचा." आणि फोन ठेवून त्यानं गाडी मागं घेतली. रिकामीच वळवली.

"आज गेला," लुडवे म्हणाला. त्याला घाम फुटला होता. "उद्या माजा भाचा सवता येतोय बग. दुसऱ्या गावची मानसं घिऊन येतोय. त्यांना तुजं पाखरू न्हाई आन् तुजं घर न्हाई. ऊठ आता, उगं तमाशा नगं."

"मग उद्या बी बसतो."

लोक थोडा वेळ थांबले. मग ज्यांची पोरं गाड्या भरायला जात होती ते आधी गेले. मग बाकीचे. नोमेको जाताना म्हणाली, "येडा झालाय," पण ते ती जरा हळूच म्हणाली. पाऊस पडायचं काही लक्षण नव्हतं. आभाळ स्वच्छ, निळं, निर्लज्ज.

ऊन कलल्यावर नोफेझिले आली. येणार नाही म्हणालेली, पण आली. हातात आंबवलेल्या मक्याच्या कांजीचं भांडं. गावभर बातमी पोचली होती, तरी तिनं विचारलंच.

"सोडलं?"

"सोडलं."

"मला तोंडाला फेस येईस्तवर बोलाया लावलं, आन् मग सोडलं. सकाळीच सोडलं आस्तं तर?"

"सकाळी धरलंच नव्हतं, तर सोडू काय?"

"तांबडी गेली," ती म्हणाली.

तिनं भांडं त्याच्या हातात दिलं. दातांवर कचकचणारी कांजी होती ती, त्याच गाळाच्या पाण्यातली. त्यानं अर्धी पिऊन अर्धी तिला दिली.

"उद्या गाड्या येनार म्हनं. मानसं घिऊन."

"येऊ द्या."

"आन् तुमी येकटं बसनार."

"मग तू बी बस."

"बसते की. मला काय भ्या हाय?" ती त्याच्या शेजारी खाली बसली, आणि बसल्या बसल्या तोंड वाकडं करून कुशीवर कलली. खालून एक गोटा काढून तिनं दूर भिरकावला, दुसरा काढला, तो पण भिरकावला. "पर बसायचं कशावर? मानसाला टेकाया मूठभर वाळू तरी ठेवायची का न्हाई ह्या मुडद्यांनी!"